तिथं बोर्ड होता का?

माझ्या नोकरीची शेवटची वर्षं एका बिनखिडकीच्या खोलीत गेली. समोर पडदा आणि पडद्यावर गाड्या. भरधाव गाडीसुद्धा फोटोत उभीच दिसते, त्यामुळं दिवसभर उभ्या गाड्या बघायच्या. खोलीतला एसी मशीनसाठी होता. बाहेर उन्हानं डांबर मऊ पडलेलं असायचं आणि मी आत स्वेटर घालून बसलेली असायचे. आधी आम्ही दोघी होतो. दुसरीची बदली झाली आणि तिच्या जागी कुणी आलं नाही. मग तिच्या खुर्चीवर मी माझी पर्स ठेवायला लागले.

मी वसुधा पाठक, वाहतूक शाखेतून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. आमच्या घराण्यात भिक्षुकी आणि कारकुनी चालायची, पोलीस कुणी नव्हतं. माझे यजमान हट्टानं पोलिसात गेले आणि ऐन चाळिशीत हृदयविकारानं वारले. त्यांच्या जागी अनुकंपा म्हणून मला घेतलं. मुलगी तेव्हा शाळेत होती. आता ती पुण्याला असते, तिचं तिचं चांगलं चाललंय.

सुरुवातीची कितीतरी वर्षं मी चौकात उभी राहिले. चौकात त्रास होता, पण बोलणं होतं. गाडी अडवली की माणूस आधी भांडायचा, मग विनवायचा, मग ओळखी सांगायचा. एखादा गाडीवरच्या पिशवीतले पेरू काढून द्यायचा आणि मी घेतले नाहीत तर रागवायचा. कॅमेरे आले आणि हे सगळं थांबलं. माणसाशी काही बोलायचंच राहिलं नाही. त्याचा नंबर बघायचा आणि बटण दाबायचं.

लोकांना वाटतं कॅमेरा चलान करतो. कॅमेरा फक्त वेग मोजतो आणि फोटो काढतो. चलान माणूस करतो, कारण नियमच तसा आहे की प्रत्येक फोटो कुणीतरी डोळ्यांनी तपासल्याशिवाय नोटीस जायची नाही. हे का, ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. एका मोटारसायकलीचं वेगाचं चलान काढायला आलं होतं आणि फोटोत ती मोटारसायकल टेम्पोत दोरीनं बांधलेली होती. बिचाऱ्या मशीननं दिसला तो नंबर वाचला होता.

तपासणाऱ्याला आणखीही बघायचं असतं. त्या रस्त्यावरची वेगमर्यादा रीतसर आदेश काढून ठरवलेली असली पाहिजे. कॅमेरा बरोबर मोजतो याचं प्रमाणपत्र दरवर्षी नवं झालेलं असलं पाहिजे. आणि गाडीवाल्याला आधी कळलं पाहिजे, म्हणजे कॅमेऱ्याच्या अलीकडं बोर्ड पाहिजे: पुढे शाळा आहे, एवढा एवढा वेग, कॅमेरा चालू आहे. यातलं एक जरी नसलं तरी फोटोला अर्थ नाही. लपून बसून माणसाला पकडायचं नाही, असं कायद्याचं म्हणणं. मला ते पटायचं. चौकात झाडाआड लपून गाड्या धरणारे सहकारी मी पाहिलेले होते.

खोलीत बसून शहर ओळखता यायला लागतं. ती वर्षं दुष्काळाची होती. शहराचं नाव बदललं त्याच सुमाराची. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं, तेही तासभर. एखाद्या दुपारी एकाच भागाकडं जाणाऱ्या स्कूटींचे फोटो भराभर यायला लागले की मी ओळखायचे, तिकडं आज पाण्याचा दिवस आहे. ऑफिसातून बायका निघाल्यात. त्यांचे चेहरे स्कार्फमध्ये असायचे, पण बसण्यावरून घाई कळायची. मी बटण दाबायचे. नियमात पाण्याला सूट नव्हती.

कधीमधी तक्रार घेऊन माणसं खोलीपर्यंत यायची, आणि खरं सांगायचं तर मला ती हवी असायची. एक निवृत्त गृहस्थ आले. सत्तरीपुढचे, इस्त्रीचा सदरा. मला वाटलं, आता भांडणार. त्यांनी चलान भरल्याची पावती दाखवली आणि म्हणाले, "फोटोची एक प्रत मिळेल का? मुलगा म्हणतो स्कूटर भंगारात काढा. तिचा वेग त्याला दाखवायचाय." मी प्रत काढून दिली. चहा घ्या म्हटलं, पण ते थांबले नाहीत.

परवीन अशीच तक्रार घेऊन आली होती.

परवीन शेख ही दौलताबादच्या रस्त्यावरच्या एका जिल्हा परिषद शाळेची मुख्याध्यापिका. मूळची सिल्लोडची. लग्न केलं नव्हतं, आईला सांभाळलं, आई गेल्यावर शाळेजवळच दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होती. तिची शाळा एकेकाळी गावाबाहेर माळावर होती. शहर वाढत वाढत तिकडं गेलं. आजूबाजूला प्लॉट पडले, इमारती आल्या, समोरचा रस्ता रुंद झाला आणि शाळेचं फाटक सरळ रस्त्यावर उघडायला लागलं. तिसरीतल्या एका मुलीला मोटारसायकलीनं उडवल्यापासून परवीननं कॅमेऱ्याचा ध्यास घेतला होता. ती दर शनिवारी शाळा सुटल्यावर अर्ज घेऊन आमच्या ऑफिसात यायची. साहेब भेटायचे नाहीत. मग ती माझ्या खोलीत येऊन बसायची.

पहिल्यांदा मी तिला सांगितलं, "मॅडम, माझ्या हातात काही नाही. मी फक्त फोटो बघते."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "बाहेर ऊन आहे. थोडं बसू द्या."

मी दुसऱ्या खुर्चीवरची पर्स उचलली.

ती बोलायला लागली की थांबायची नाही. शाळेतल्या पोरांच्या गमती, अधिकाऱ्यांच्या तपासण्या, खिचडीच्या तांदळातले किडे. मराठी ती माझ्यापेक्षा शुद्ध बोलायची, मुलांना व्याकरण शिकवायची ना. पण चिडली की सिल्लोडची हिंदी-मराठी एक व्हायची. "क्या बोलू अब इनको, इतके बार बोलले मी," असं म्हणून कपाळाला हात लावायची. हळूहळू मी शनिवारी डबा जास्त आणायला लागले. मग ती रविवारी घरी यायला लागली. तिला वरणफळं आवडायची. ती आली की मी कणीक जास्त भिजवायचे. संध्याकाळी मी तिला बसपर्यंत सोडायला जायचे, मग ती म्हणायची, एवढ्या लांब एकटी परत जाशील, आणि ती मला अर्ध्या वाटेपर्यंत परत सोडायला यायची. दोघी पन्नाशी ओलांडलेल्या. बघणाऱ्याला हसू आलं असतं.

कॅमेरा आला. साहेब बदलले, नव्या साहेबांनी मनावर घेतलं. मर्यादेचा आदेश निघाला, अलीकडं बोर्ड लागला, खांबावर कॅमेरा बसला. पहिल्या दिवशी परवीननं सगळ्या शाळेला तो खांब दाखवायला बाहेर आणलं. पोरांनी कॅमेऱ्याकडं बघून हात हलवले. मी ते खोलीतून बघत होते. गाड्यांच्या फोटोंत त्या दिवशी मागं पोरांचे हात आले होते.

रस्त्यावर फरक पडला. लोक शिव्या देत का होईना, हळू जायला लागले. फक्त एका गाडीचे फोटो सारखे येत राहिले, तो एक पाण्याचा टँकर होता.

त्या टँकरवर कचरूभाऊ नावाचा ड्रायव्हर होता. लासूर स्टेशनकडचा. दुष्काळात टँकरच्या खेपा ठरलेल्या असतात आणि खेप चुकली की वस्तीवरची माणसं रिकाम्या हंड्यांनिशी रस्त्यावर येतात. भरलेला टँकर पळवता येत नाही, पाणी आत हिंदकळतं आणि गाडी उलटते. रिकामा मात्र पळतो. कचरूभाऊ जाताना शांत जायचे आणि परत येताना सुसाट. मजा म्हणजे परवीनच्या शाळेची टाकीही तेच भरायचे. मी तिला विचारलं, "त्याला समजावून सांग ना, रोज तुझ्याच दारात येतो तो."

"सांगितलं," ती म्हणाली. "म्हणतो, बाई, तुमची टाकी भरायची की हळू चालवायची, एक सांगा."

चलानं टँकरच्या मालकाच्या नावानं जायची. मालकानं ती भरली नाहीत, वकील दिला आणि प्रकरण कोर्टात नेलं. असं फार कमी जण करतात. वकिलाचं म्हणणं एकच होतं: तिथं बोर्डच नाही.

समन्स आल्यावर मी जागेवर गेले. सरकारी वकिलांनी तसं सांगितलंच होतं, जाऊन एकदा खात्री करा म्हणून. खोलीत बसून मला बोर्ड दिसत नव्हता. कॅमेऱ्याची नजर गाड्यांवर असते आणि बोर्ड त्याच्या कितीतरी अलीकडं.

बोर्डाच्या जागी खड्डा होता. नव्या जलवाहिनीसाठी ठेकेदारानं रस्त्याची कड लांबवर खोदून ठेवली होती. मोठमोठे पाइप पडलेले. खड्ड्यापलीकडं मजुरांची पालं होती, आणि एका पालाची मागची भिंत म्हणजे आमचा बोर्ड होता. आत चूल पेटलेली. चुलीपाशी बसलेल्या बाईच्या डोक्यावर लिहिलं होतं, पुढे शाळा आहे.

मी तिला विचारलं, "हा बोर्ड कधीपासून इथं आहे?"

"आमी आलो तवापासून हायेच की," ती म्हणाली. "मुकादमानं दिला. काढून नेताय का?"

मी नाही म्हटलं आणि शाळेत गेले. मधली सुट्टी होती. परवीन वऱ्हांड्यात उभी राहून मुलांना ओळीनं पाणी प्यायला लावत होती. मी तिला बाजूला घेतलं.

"परवीन, बोर्ड काढलाय."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पोळ्याच्या आधीच काढलाय."

पोळा होऊन, दसरा होऊन, दिवाळीही होऊन गेली होती. तेवढ्या काळात मी त्या कॅमेऱ्याच्या कितीतरी फोटोंवर बटण दाबलं होतं.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू कॅमेरा बंद केला असतास."

ते खरं होतं. मला करावाच लागला असता. तिनं माझा हात धरला. "वसुधा, ऐक. गाड्या हळू जातात ना? लोकांना माहीत झालंय कॅमेरा आहे म्हणून. बोर्ड असला काय, नसला काय. कोर्टात म्हण, होता. एवढंच म्हण."

"नव्हता गं."

"कुणी बघितलंय? त्या पालातली बाई येणार आहे का साक्षीला?"

घंटा झाली आणि ती वर्गावर गेली. मी टँकरची वाट बघत थांबले. का थांबले ते सांगता येत नाही. कचरूभाऊ आले, टाकीत नळी सोडली आणि माझ्यापाशी येऊन उभे राहिले. पन्नाशीचे, सडपातळ, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

"तुमीच का त्या फोटूवाल्या मॅडम?"

"हो," मी म्हटलं.

"मी पळिवतो, खोटं कशाला बोलू. पन मालक न भरताच चलानाचे पैशे माझ्या पगारातनं कापतो. वकील म्हनला बोर्ड नाय, सुटशीन. म्या बघितलं, तर खरंच नाय."

एवढं बोलून ते नळी बघायला गेले.

तारखेच्या दिवशी सरकारी वकिलांनी मला कोर्टाच्या आवारात बाजूला घेतलं. तरुण होते, घाईत होते. म्हणाले, "त्यांनी खड्ड्याचा फोटो लावलाय, पण तो केव्हाचा ते सिद्ध होत नाही. सगळं तुमच्या साक्षीवर आहे. बोर्ड होता म्हणालात की विषय संपला."

"आणि नव्हता म्हटलं तर?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "मग त्या कॅमेऱ्याची एवढ्या महिन्यांची सगळीच चलानं जातील मॅडम. नुसता टँकर नाही."

परवीन आली होती. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून मागच्या बाकावर बसली होती. मी पिंजऱ्यात उभी राहिले, शपथ घेतली. मालकाच्या वकिलानं आधी इकडचं तिकडचं विचारलं, कॅमेऱ्याचं प्रमाणपत्र, आदेशाचा क्रमांक. मग त्यानं विचारलं, "या तारखांना, तिथं बोर्ड होता का?"

मी मागच्या बाकाकडं बघितलं नाही. म्हटलं, "नाही."

न्यायाधीश बाई लिहायच्या थांबल्या. "तुम्ही स्वतः पाहिलं?"

"आत्ता पाहिलं. पोळ्याच्या आधी काढला, असं मला कळलंय."

"कुणाकडून?"

"तिथं राहणाऱ्या लोकांकडून," मी म्हटलं. परवीनचं नाव मी घेतलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

चलानं रद्द झाली. रीतसर बोर्ड लागेपर्यंत त्या कॅमेऱ्यावरून कारवाई करू नये, असा हुकूम झाला. मी बाहेर आले तेव्हा परवीन निघून गेली होती. कचरूभाऊ फाटकापाशी उभे होते. सुटले होते, पण त्यांचा चेहरा सुटल्यासारखा नव्हता. "मोठ्या बाई रडत गेल्या," एवढंच म्हणाले.

ऑफिसात एक जण मला ऐकू जाईल अशा आवाजात दुसऱ्याला म्हणाला, "हिला काय, टँकरवाल्याशी हिचं जमतं."

बोर्ड परत उभा करणं म्हणजे दोन खांबांचं काम, असं मला वाटत होतं. पण जलवाहिनीच्या कामात रस्ता आणखी रुंद होणार होता, म्हणून मर्यादेचा आदेश नव्यानं हवा होता. आदेशाला समितीची बैठक हवी होती. बैठक ठरेपर्यंत निवडणुकीची आचारसंहिता लागली. ठेकेदाराचं म्हणणं, बोर्ड वगैरे कामाच्या अगदी शेवटी. मी रोज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत होते. तोवर कॅमेऱ्याला कुणीतरी काळं प्लास्टिक गुंडाळून सुतळीनं बांधून टाकलं होतं. बघता बघता सगळ्यांना कळलं, कॅमेरा बंद आहे.

रविवार तसेच जायला लागले. मी दोनदा फोन केला. पहिल्यांदा ती म्हणाली, पेपर तपासतेय. दुसऱ्यांदा उचलला नाही.

आणि मग एका दुपारी शाळा सुटताना दुसरीतल्या ओंकारला एका चारचाकीनं उडवलं. गाडी थांबली नाही. शाळेत टाकी भरत असलेले कचरूभाऊ नळी तशीच टाकून धावले, त्यांनी पोराला उचललं, येणारी जीप आडवं जाऊन थांबवली आणि सरकारी दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा ते बाहेर पायरीवर बसले होते. सदऱ्याला रक्त होतं. मला बघून उठले.

"मी नव्हतो मॅडम," म्हणाले. "माझा टँकर शाळेत हुबा हुता."

"मला माहीत आहे, भाऊ."

ओंकार वाचला. पाय मात्र मांडीपासून मोडला होता आणि पुढं तो किंचित आखूडच राहिला. गाडी सापडली नाही. कुठली होती, कुणाची होती, कुणाला सांगता आलं नाही. पांढरी होती, एवढंच. कॅमेऱ्यानं तिचा नंबर घेतला असता. माझ्या पडद्यावर ती गाडी आली असती.

वॉर्डात ओंकारची आई भिंतीला टेकून बसली होती आणि परवीन तिच्याजवळ. मी दाराशी उभी राहिले. परवीननं वर पाहिलं, उठली, बाहेर आली. मला वाटलं, आता ती बोलेल, ओरडेल, निदान रडेल.

"बोर्ड नव्हता, हे खरं आहे," ती शांतपणे म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडं जाऊन शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी तिथं उभं राहायची परवानगी मागितली. ते म्हणाले, "या वयात उन्हात?" मी म्हटलं, "खोलीत थंडी वाजते." ते हसले आणि परवानगी दिली.

मी शिट्टी घेऊन उभी राहायला लागले. कितीतरी वर्षांनी रस्त्यावर. मुलं मला शिट्टीबाई म्हणायला लागली. एकटीनं अख्खा रस्ता आवरत नव्हता. एका बाजूच्या गाड्या थांबवल्या की दुसऱ्या बाजूच्या सुटायच्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला कचरूभाऊंनी टँकर आणला आणि रस्त्याच्या कडेला लावायच्या ऐवजी अर्धा रस्त्यात उभा केला. त्या बाजूच्या गाड्या आपोआप खोळंबल्या, एकेक करून हळू जायला लागल्या. कचरूभाऊ खाली उतरून चाकापाशी बसले. नुसते बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

असेच काही दिवस गेले आणि आमचाच एक तरुण हवालदार मोटारसायकलवरून तिथं आला. त्यानं मशीन काढलं. "रस्त्यात गाडी उभी केलीय, मॅडम. चलान करतो."

"राहू दे," मी म्हटलं. "बिघडलाय तो."

"बिघडला?"

"हो. मघापासून बघतेय मी. मेकॅनिक येतोय."

तो गेला. मी वळले तर परवीन फाटकात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे तुम्हाला येतं खोटं बोलता," ती म्हणाली. "फक्त माझ्यासाठी येत नव्हतं."

तिनं मला तुम्ही म्हटलं, ते मला जास्त लागलं. शपथेवर बोलणं आणि रस्त्यात एका हवालदाराला वाटेला लावणं, यात फरक आहे, असं मला म्हणायचं होतं. माझी अजूनही तशी खात्री आहे. पण तेव्हा समोरून मुलं यायला लागली, मला शिट्टी वाजवावी लागली, आणि माझं वाक्य राहिलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी बोर्ड लागला. नवा, मोठा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. कॅमेऱ्याचं प्लास्टिक मी स्वतः उभी राहून काढून घेतलं. मी परत खोलीत गेले. कचरूभाऊंचा टँकर पडद्यावर पुन्हा कधी आला नाही. त्यांनी तो मालक सोडला की वेग, ते मला कळलं नाही. परवीन त्याच वर्षी निवृत्त होऊन सिल्लोडला भावाच्या शेजारी राहायला गेली. शाळेतल्या निरोपाला मला बोलावणं नव्हतं. तिच्या जागी आलेल्या सरांनी सांगितलं, तेव्हा कळलं.

पुढं मीही निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसाला काय करावं सुचत नाही असं म्हणतात, मला तर आधीपासूनच सुचत नव्हतं. मुलगी पुण्याला ये म्हणते. जाते, चार दिवस राहते, परत येते. गेल्या थंडीत एकदा मनाशी ठरवलं आणि सिल्लोडची बस धरली. फोन केला नाही. फोन केला तर ती काहीतरी कारण सांगेल, अशी भीती होती.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मक्याची कणसं वाळत पडली होती. त्या साली पाऊस बरा झालेला. पत्ता विचारत विचारत मी तिच्या दारात गेले. तिनंच दार उघडलं. केस सगळे पांढरे झालेले. ती दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, "ये."

आम्ही बाजेवर बसलो. तिनं मुलीची चौकशी केली, मी तिच्या भावाची. गुडघेदुखीवर बोललो. ओंकारबद्दल तीच बोलली. तो आता पाचवीत आहे, लंगडत का होईना क्रिकेट खेळतो, त्याची आई सणाला फोन करते. बाहेर कुणीतरी कपडे धूत होतं, त्याचा आवाज येत होता.

परवीन हातातल्या ओढणीच्या टोकाकडं बघत म्हणाली, "बोर्ड काढला त्याच दिवशी मी तुला फोन करायला पाहिजे होता. तू लगेच मागं लागली असतीस. तेवढ्या वेळात तो लागलाही असता. ओंकारच्या आधी."

हे वाक्य मी मनात कितीदा तिच्या तोंडी घातलं होतं. दवाखान्यात, रस्त्यावर, खोलीत, घरी एकटी जेवताना. ती असं म्हणेल आणि मी म्हणेन, नाही गं, तुझा काय दोष, तू पोरांसाठीच केलंस, सगळं ठरलेलं होतं.

ती थांबली होती.

मी म्हटलं, "हो."

बाहेर पडून गेलं ते. समोर न्यायाधीश नव्हते, शपथ नव्हती, कुणी काही लिहून घेणार नव्हतं. तिनं मान हलवली, जणू तिला हेच अपेक्षित होतं, आणि चहा ठेवायला उठली. मी तिच्या मागं स्वयंपाकघरात जायला हवं होतं. मी बाजेवर बसून राहिले.

चहा चांगला झाला होता. मी तसं म्हटलं. बसची वेळ विचारली, तिनं सांगितली. मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली, चौकटीला हात लावून उभी राहिली.

"नीट जा," म्हणाली.

गल्लीच्या वळणावर मी मागं पाहिलं. दार लागलेलं होतं.